पहाऱ्याची वही

मी वही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. फार वेळ नाही हं माझ्याकडे. आज मंगळवार, दवाखान्याचा दिवस, आणि मला अजून कुणी पिशवीत टाकलेलं नाही. माझा जीव हा असा कायम टांगणीला.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात मला कपाटातून काढलं ते एका हवालदारांसाठी. त्यांना विसरण्याचा आजार जडलेला. तिथे डॉक्टर वेगळे, व्यायाम करून घेणारे वेगळे, औषधं देणारे वेगळे. या सगळ्यांचा मेळ घालायला एक नर्स होती, तिला सगळे ताई म्हणत. घरी जे घडेल ते हिच्यात लिहा, आम्ही सगळे हिच्यातूनच वाचू, असं सांगून ताईने मला हवालदारांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हाती दिलं.

काकू मन लावून लिहीत. झोप किती झाली, गोळी कधी दिली, चिडचिड कशावरून झाली. मग एक दिवस हवालदारांची नजर माझ्यावर पडली आणि माझे दिवस फिरले.

उभा जन्म चौकीवर पहारा दिलेला माणूस. बायकोचं नाव आठवत नसे, पण पहाऱ्याची वही कशी भरायची हे हाताला पाठ. रोज सकाळी दाढी करून ते माझ्यासमोर ताठ बसत, काकूंचं लिहिणं खोडत आणि खाली वळणदार अक्षरात लिहीत, 'सर्व ठीक'. त्याखाली झोकदार सही.

काकूंनी अडवलं नाही. तेवढी दहा मिनिटं त्यांना त्यांचा नवरा परत मिळायचा. पुढे पुढे तर काकू दोनच ओळी खरडत, त्याही खोडल्या जाणार हे माहीत असून. मी मात्र आतल्या आत तडफडत होते. हवालदार दार उघडून रस्त्यावर गेले, सर्व ठीक. चोर समजून त्यांनी काकूंचा हात पिरगळला, सर्व ठीक. भाजी चिरताना काकूंना डुलकी लागली आणि बोट कापलं, तरी सर्व ठीक! आम्हा वह्यांना कुणी लिहील तेवढंच बोलता येतं, हे केवढं दुर्दैव.

मग एका मंगळवारी दोघं दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी माझी पानं भराभर उलटली, खालचं 'सर्व ठीक' तेवढं पाहिलं आणि ते खूश झाले. आता तीन महिन्यांनी आलात तरी चालेल, म्हणाले. काकूंनी मान डोलावली आणि पट्टी बांधलेलं बोट मुठीत लपवलं. तीन महिने!

तेवढ्यात ताईने मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि खोडलेल्या ओळी वाचू लागली. बराच वेळ वाचत होती.

"काकू, हे सर्व ठीक कुणी लिहिलंय?"

"ह्यांनी. त्यांना बरं वाटतं हो तेवढंच."

"आणि तुम्हाला?"

काकूंचे डोळे वाहू लागले. ताईने माझं कोरं पान काढलं आणि सांगितलं, हे पान तुमचं, इथे काकांचं नाही, तुमचं लिहा. काकूंनी एकच ओळ लिहिली. 'आठ महिने झाले, मी सलग झोपलेले नाही.'

शेजारी बसलेल्या हवालदारांनी लगेच हात पुढे केला. झालं, मला वाटलं, हीही ओळ गेली. त्यांनी ती दोनदा वाचली. पेन टेकवलं, पण खोडलं नाही. खाली लिहिलं, 'पहारेकरी थकला आहे. बदली पाठवा.' आणि सही केली.

डॉक्टरांनी तीन महिन्यांचं आपलं वाक्य परत घेतलं. आता आठवड्यातून तीन दिवस दवाखान्याकडून एक मदतनीस घरी येतो आणि काकू आतल्या खोलीत गाढ झोपतात. हवालदार स्वतःच्या पानावर 'सर्व ठीक' लिहितात, मग काकूंच्या पानावर डोकावून बायकोला विचारतात, बदली आली का? बायको म्हणून ओळखत नाहीत, तरी रोज विचारतात.

माझी अकरा पानं उरली आहेत. मी संपले की नवी वही येईल. ती ज्यांच्या हाती पडेल त्यांना हात जोडून एवढंच सांगणं, काकूंचं पान आधी उघडा. अरे, पिशवीची चेन वाजली वाटतं. आल्या काकू.