कुल्फ्यांखाली राहिलेलं उजवं

मित्रांनो, मी एक जुनं बेअरिंग आहे. लगेच हिरमुसू नका. शेवटपर्यंत मी बेअरिंगच राहणार आहे.

एका डर्ट बाईकच्या इंजिनात मला ठोकून बसवलं होतं. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड दांडा गरगर फिरतो. त्याला डावीकडून मी धरायचो आणि उजवीकडून माझं जुळं भावंड, उजवं. नऊ वर्षं आम्ही एकच दांडा धरला, पण मध्ये तो दांडाच असल्यामुळे एकमेकांना कधी पाहिलं नाही. उजवं अगदी माझ्यासारखंच दिसत असणार, हे मला कळत होतं. तरी पाहायचं होतं.

आमचा मालक एटापल्लीचा लालसू. लसीचा डबा पाठीला बांधून तो नाल्यापलीकडच्या गावांना जायचा. बाईक पोहोचली की लोक टायरची तारीफ करायचे. एकाने आरशाचीही केली. आरसा फुटलेला होता. आमचं नाव कोणी घेतलं नाही, तेल वेळेवर बदललं नाही, आणि यंदा आम्ही दोघंही खरखरू लागलो.

लालसूने घरीच इंजिन खोललं. आम्हाला काढून पोत्याच्या दोन टोकांना टाकलं. मध्ये हातोडा. तेवढ्यात त्याच्या आईने, कमलाबाईंनी, आम्हाला एकेक करून राखेने लखलखीत घासलं. लालसूने विकत आणलेली नवी जोडी मात्र कारखान्याच्या चिकट तेलात माखलेली, मळकट.

बेअरिंग गार केलं की जरासं आकसतं आणि इंजिनाच्या तापलेल्या खोबणीत सहज बसतं. म्हणून लालसूने चमकणारी जोडी पिशवीत घालून समोरच्या इंदुताईंच्या दुकानात फ्रीजरमध्ये ठेवली.

चमकणारी जोडी म्हणजे आम्ही.

कुल्फ्यांच्या खाली, तळाशी, आम्ही पहिल्यांदा शेजारी आलो.

"तूच का?"

"हो. खरखरीवरून ओळखायला हवं होतंस."

मग तासभर आम्ही एकमेकांना टेकून राहिलो. मित्रांनो, मी राहिलेली सगळ्यात उबदार जागा ती.

लालसूने इंजिनाचा डावा अर्धा भाग चुलीवर तापवला आणि मला एकट्याला घेऊन पळाला. उजवं तोवर गारच राहू दे, म्हणाला. मी टपकन बसलो. त्याने बोटाने फिरवलं. खर्र.

"माय! हे तं जुनं हाय. जुने काऊन घासले वो?"

"जुने हायेत मनून तं घासले. नवे कोन घासते?"

"आता का करू?"

"काढ ते आंधी. मले भात मांडाचा हाय."

मला पुन्हा बाहेर काढलं. नवी जोडी फ्रीजरमध्ये वरच्या वर ठेवली, वरच्या वर काढली. बाईक आता झकास चालते. रोज सकाळी खिडकीसमोरून जाते. मी खिडकीत असतो, लाइट बिल उडू नये म्हणून. उजवं कोणालाच आठवलं नाही. ते अजून तिथेच आहे, रस्त्याच्या पलीकडे, वीस पावलांवर. मला पावलं नाहीत.

दुपारी लाइट जाते. फ्रीजरची घरघर थांबते. तेवढा वेळ बरं वाटतं. उजव्याला जरा ऊब मिळत असेल.

मित्रांनो, इंजिनाचं तेल वेळेवर बदला. जुने भाग काढलेत तर एकाच डब्यात ठेवा. आणि इंदुताईंकडे कुल्फी घ्यायला गेलात, तर एकदा तळापर्यंत हात घाला. गोल, थंड काहीतरी लागेल. खाऊ नका. समोरच्या घरी आणून द्या. बिल तसं मोठं आहे. एका टोकाला मी बसतो, दुसरं टोक फडफडत असतं.