दुसरं वजन

‘रंगी माझी रानभर, तिला नको कुणी वाली;
फिकी माझी पानभर, तिला ठेवा छायेखाली.’

चिमट्यात फुलपाखराचं धड धरलं की धाकटीला वडिलांचा हा आवाज हटकून ऐकू यायचा. दुधावरची साय तिच्या कपात लोटताना ते असं गुणगुणत. थोरलीनं कप पुढे केला की म्हणत, ‘रंगीला काय धाड भरलीय?’ सगळे हसत. सगळ्यांत मोठ्यानं रंगी.

तीच रंगी, धाकटीची ताई, आज धाकटीच्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर पाय लोंबते सोडून बसली होती, अंगात नेहमीसारखा झगझगीत केशरी स्वेटर. इथून दोघींना वडिलांकडे जायचं होतं. जिन्यात पडल्यापासून त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि ते ताईकडे राहणार हे कुणी न ठरवताच ठरलं होतं. ताईची सासू अंथरुणाला खिळलेली. पण ‘एकीचं करते तिथं दोघांचं’ असं ताईच कधीतरी हसत म्हणाली होती, आणि धाकटी ते धरून चालली होती.

हे एवढं उरकते, मग निघू, असं धाकटी म्हणाली. तर ताईलाच ते काय आहे ते बघायचं होतं.

फुलपाखरं एकाच जातीची. पण काहींचे पंख निखाऱ्यासारखे, काहींचे धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे. कुणी अंगात किती शिदोरी बांधून ठेवलीय ते मोजायचं. पंख कापून वेगळ्या पाकिटात घालायचे, वर नुसता क्रमांक. म्हणजे तोलणाऱ्याला रंग कळत नाही आणि मन लबाडी करत नाही. धड वाळवून तोलायचं, मग ईथरमध्ये बुडवून ठेवायचं. ईथर सगळी चरबी ओढून घेतो. पुन्हा वाळवायचं, पुन्हा तोलायचं. जे घटलं, ती शिदोरी.

“म्हणजे चरबी उतरवायचा कारखानाच की,” ताई म्हणाली. “माझ्या जावेला पाठवून देते.”

धाकटीच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं होतं, ज्याचा रंग भडक त्याची कोठी भरलेली. ताईला काय वाटतं, असं धाकटीनं विचारलं.

“रंगीतच. त्याला काय धाड भरलीय?”

दोघी खळखळून हसल्या.

ताईला दुसऱ्या वजनाचा आकडा वाचायचं काम मिळालं. काचेच्या दाराआड काट्यावरचा आकडा थरथरला, थांबला. तिनं वाचला. धाकटीनं तो आधीच्या वजनाशी ताडून पाहिला आणि परत वाचायला सांगितलं. आकडा तोच. जवळजवळ काहीच घटलं नव्हतं.

“म्हणजे काय झालं?”

“म्हणजे आत काही नव्हतंच. उडत होतं तेव्हाच रिकामं होतं.”

तिनं पाकीट उघडलं. कागदावर निखारे सांडावेत तसे पंख घसरले.

एकावरून काही ठरत नाही, असं ती पुटपुटली. पण तिचे डोळे लकाकत होते. अशी आणखी दोन मागच्या खेपेलाही निघाली होती. सगळं रंगावरच खर्ची पडलं असेल? की रंगाच्या जोरावर फार उडून झालं? धाकटी एकामागून एक प्रश्न काढत राहिली. ताईचे लोंबते पाय मघाच थांबले होते, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ताई ताटलीकडे बघत होती. ताटलीत दोन धडं शेजारी शेजारी पडली होती.

“यातलं बुडवून काढलेलं कुठलं?”

धाकटी वाकली. उजवं म्हणता म्हणता थांबली, आणि शेवटी तिला चिठ्ठीवरचा क्रमांक वाचावा लागला.

“बाहेरून नाही कळत गं. दुसरं वजन केल्याशिवाय नाहीच.”

ताईनं स्वेटरच्या खिशातून वडिलांच्या घराची किल्ली काढली. जरा वेळ मुठीत धरली, मग वजनकाट्याच्या बाजूनं धाकटीपुढे सरकवली.

“मग माझं कोण करणार?”

चेष्टाच असणार म्हणून धाकटीनं हसऱ्या तोंडानं वर पाहिलं. ताई हसत नव्हती.

“बाबांना माझ्याकडे नको, फिके,” ती म्हणाली. “मला आता होत नाही.”