मास्तरांनी गाडी सोडली

सूनबाई बसमधून आधी उतरली, तिथेच चुकलं. म्हाताऱ्या माणसाला उतरवायचं तर आपण आधी खाली उतरून हात द्यायचा, असं तिला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून पिशवीही तिने सीटवरच ठेवली होती. ती खाली उतरली, वळली, हात वर केला. सासरे मागच्या दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कुणी चढायचं राहिलं नाही ना म्हणून डावीउजवीकडे पाहिलं, डोक्यावरची दोरी धरली आणि दोनदा ओढली. टण्, टण्.

दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. गाडीचा कंडक्टर पुढे गर्दीत तिकिटं फाडत होता. ड्रायव्हरने गाडी सोडली.

सासरे निवृत्त कंडक्टर. कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत असल्यामुळे गल्लीत ते मास्तर, आणि घरातही मास्तरच. गेल्या दोनेक वर्षांत त्यांची आठवण जुन्या शिवणीसारखी उसवत चालली होती. आधी नातवंडांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या गेल्या. दोरी मात्र हातात राहिली.

सूनबाई थोडी धावली. स्टॉपवरचा एक माणूस गमतीने म्हणाला, ताई, बसमागे धावू नये, मागून दुसरी येतेच. बसमध्ये माझे सासरे आहेत, त्यांना काही आठवत नाही, असं तिने सांगितल्यावर तो ओशाळला आणि आपला फोन पुढे केला. फोन हातात आला तेव्हा तिला कळलं की तिला एकही नंबर पाठ नाही. नवऱ्याचा नंबर म्हणजे तिच्या लेखी पडद्यावरचा त्याचा फोटो. पाठ होता तो फक्त स्वतःचा. तो लावला. फोन पिशवीत होता, पिशवी बसमध्ये. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि बंद झाला.

मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दवाखाना दोन उपनगरं ओलांडून, या नाक्यावर. टॅक्सीत बसवलं की ते चालत्या गाडीचं दार उघडू बघायचे. बसमध्ये मात्र शहाण्या पोरासारखे बसायचे. म्हणून बस. नणंदेला हे पसंत नव्हतं. सकाळीच फोनवर तिने सुनावलं होतं, "वहिनी, बाबा म्हणजे तुझी पिशवी नव्हे, इथे ठेवली नि तिथे उचलली."

सूनबाई शिवणकाम करायची. मास्तरांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरमध्ये तिने आतून पट्टी शिवली होती, नाव आणि फोन नंबराची. आज डॉक्टरकडे जायचं म्हणून त्यांना नवा कोरा शर्ट घातला होता. त्याला पट्टी लावायची राहून गेली होती.

पुढची बस आली. तिने कंडक्टरला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, कुठली गाडी होती? तिने पाटी पाहिलीच नव्हती. घराजवळून निघणाऱ्या दोन्ही बसगाड्या या नाक्यापर्यंत एकाच रस्त्याने यायच्या. पुढे एक पुलावरून कारखान्यांच्या बाजूला जायची, दुसरी पुलाखालून बंदराकडे. नाक्यापर्यंतच यायचं होतं, मग पाटी कोण बघतंय?

"ही पुलावरून जाते. बसा," कंडक्टर म्हणाला. त्याने तिकीट मागितलं नाही. "सापडतील. माणूस जातो कुठे?"

माणूस कुठे जातो ते तिला माहीत होतं. गल्लीतल्या एका बाईचे वडील असेच गेले होते. तेही सापडले, पण कसे सापडले हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

ती खिडकीशी उभी राहिली. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या केसांचा कुणी दिसला की ती खिडकीतून वाकून बघायची. तो मास्तर नसला की पुढचा शोधायची. एका चौकात गर्दी जमली होती. सगळे खाली वाकून काहीतरी बघत होते. बस पुढे सरकली तेव्हा दिसलं, कुणाची तरी भाजी सांडली होती.

मास्तर नेहमी एक वाक्य म्हणायचे, प्रवासी कुठेही उतरतो, मास्तर डेपोतच उतरतो. तेवढाच आधार होता. दोरी ओढताना ते कंडक्टर होते. डेपोपर्यंत कंडक्टरच राहिले, तर जागचे हलणार नाहीत. पण मध्येच कुठे त्यांना आठवलं की आपण थकलेले आहोत, घर आहे, सून बरोबर होती, तर ते उतरतील, भलत्या स्टॉपवर, भलत्या उपनगरात, नाव न सांगता येणारा माणूस म्हणून. त्यांना काहीतरी आठवू दे, असं तिने आजवर किती वेळा देवाकडे मागितलं असेल. आज ती उलट मागत होती. आठवू देऊ नकोस. एवढा वेळ तरी नको.

बस पुलाच्या चढाला लागली आणि तिला एकदम सकाळचा आरसा आठवला. घराजवळ बस पकडताना एक माणूस भलामोठा आरसा घेऊन चढू बघत होता आणि आतला कंडक्टर त्याच्यावर डाफरला होता: पुलाखालून जाते ही, पाटी वाचा की.

"थांबवा," ती म्हणाली. "माझी गाडी खालची."

कंडक्टरने एक घंटी दिली. ती पुलावरच उतरली, कठड्याला धरून जिन्याने खाली आली आणि बंदराकडे जाणारी बस मिळाल्यावर ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी राहिली. प्रत्येक स्टॉपवर गाडी थांबायची आणि ती मनात म्हणायची, इथे नाही, इथे नाही.

डेपोत बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. हजेरीच्या खिडकीशी चहा पिणाऱ्या कंडक्टरने तिचं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट दाखवलं. एक आजोबा उतरायलाच तयार नाहीत, तो सांगू लागला, म्हणतात गाडी तपासल्याशिवाय उतरायचं नसतं. म्हटलं, तपासा बापडे.

मास्तर रिकाम्या गाडीत एकेका सीटखाली वाकून बघत होते. तिची पिशवी त्यांच्या खांद्याला होती. "बाबा" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण त्यांनी मान वर केली, आणि त्या नजरेत तिची ओळख नव्हती. हाक मारली तर ते बिचकतील, बिचकले तर पळतील, आणि पलीकडचं फाटक उघडं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "माझी पिशवी राहिलीय."

"अशी देता येत नाही. आत काय आहे?"

"फोन. पाकीट. डॉक्टरांचे कागद. आणि डोळ्यांत घालायचं औषध."

"कुणाचं?"

"सासऱ्यांचं."

त्यांनी पिशवी उघडून बाटली पाहिली. "फोन वाजत होता मघाशी. पण प्रवाशाच्या वस्तूला आपण हात लावत नाही." मग त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सासरे कुठे आहेत?"

"चुकामूक झाली," ती कशीबशी म्हणाली.

"तुम्ही आधी उतरला असाल. वयस्कर माणसाला पुढे घालावं आणि आपण मागे राहावं. रोज ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही." त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. आवाज जरा मऊ झाला. "चला, शोधू. घाबरला असेल बिचारा."

चहा संपवून ड्रायव्हर गाडीत चढला. इंजिन सुरू झालं. मास्तर मागच्या दाराशी गेले आणि त्यांचा एक हात सवयीने दोरीकडे गेला.

"तुम्ही आधी उतरा, मास्तर."

"मास्तर शेवटी उतरतो, बाई. उतरा तुम्ही."

ते बाजूला होईनात. पायाखाली गाडी थरथरत होती. सूनबाईने नव्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली आणि एक पाय पायरीवर टाकला. बाहीची शिवण करकरली, एक टाका तुटला, मग दुसरा. तिने मूठ सोडली नाही.