खरड छाटणीचं वर्ष

तांदळाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल घुर्रर्र करत सरकला आणि त्याच्याबरोबर डब्याचं झाकण थरथर वाजायला लागलं. दुपारची घरात इतकी शांतता होती की तेवढ्यानंही झोळीतला कृष्णराज दचकला. त्याची इवलीशी मूठ उघडली, मिटली. मी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली झोळीची दोरी हळू ओढली. दोनचार झोक्यांत तो परत झोपला.

मोबाईल रणधीरचा. ते बागेत फवारणीला जाताना घरीच ठेवून गेले होते. आमच्यात नवऱ्याचा मोबाईल बघायला चोरी नाही. उलट ‘कुणाचा मेसेज आला सांग गं’ असं तेच म्हणतात. म्हणून बघितला. बालाघाट फुटबॉल मंडळाच्या ग्रुपवर बजरंग काकांनी टाकलं होतं : रविवारी दुपारी कोंडीराम आबांच्या घरी मीटिंग. विषय एकच, मास्तर बदलणे.

खाली धडाधड अंगठे.

मास्तर म्हणजे बसवेश सर. मंडळाच्या पोरांना फुटबॉल शिकवायला लोहाऱ्याहून रोज मोटारसायकलवर येतात. आणि कोंडीराम आबा म्हणजे माझे सासरे, मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे सरांना काढायचं ते आमच्याच बैठकीत, आणि त्यावर चहा मीच करायचा.

आमच्या घरामागं शाळेचं मैदान आहे. जुनं मातीचं माळवद पाडून आबांनी वर स्लॅब टाकला, तिथं मी दुपटी वाळत घालते. लग्नाआधी मी खो-खो खेळायचे, दहावीपर्यंत. आता माझं पळणं स्वयंपाकघर ते झोळी. पण स्लॅबवर गेले की सगळं मैदान दिसतं आणि एक दुपटं वाळत घालायला मला कितीही वेळ लागू शकतो.

सर यायच्या आधी आमचं मंडळ दरवर्षी जत्रेतली शिल्ड जिंकायचं. कसं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. सामन्याच्या दिवशी बजरंग काका सोलापूरहून जीपभर पोरं आणायचे, त्यांना मटण जेवू घालायचे आणि आपल्या गावाचं नाव असलेले टी-शर्ट घालायला द्यायचे. आपली पोरं बाहेर बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायची. मग गुलाल, हलगी, शिल्डची मिरवणूक.

सरांनी आल्या आल्या ती जीप बंद केली. “हरू,” म्हणाले, “पण आपली पोरं हरतील.”

आणि हरलो. पहिल्या जत्रेत आठ गोल खाल्ले. लोकांनी सरांच्या गाडीला चपलांची माळ घातली. दुसऱ्या जत्रेतही हरलो, चार गोलांनी. औंदा हरलो ते एका गोलानं, तोही शेवटी शेवटी, पोरांच्या पायात गोळे आल्यावर. हा उतरता आकडा कुणी बघितला नाही. सगळ्यांना एवढंच दिसलं की आबांच्या बैठकीतल्या कपाटात तीन वर्षं नवी शिल्ड नाही.

मी वरून बघत होते म्हणून मला दुसरंही दिसत होतं. आधी चेंडू जिकडं जाईल तिकडं अकराच्या अकरा पोरं धावायची, दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तशी. आता प्रत्येकजण आपली जागा धरून उभा राहतो. पुढं वाट नसली तर चेंडू मागं देतात, गोलकीपरकडंसुद्धा. त्यावर सगळं गाव ओरडतं, “आरं, आपला गोल तिकडं हाय का?” पण मागं दिलेला चेंडू दुसऱ्या बाजूनं पुढं येतो आणि समोरचे तोवर चुकीच्या जागी पळालेले असतात. पहिल्यांदा आमच्या पोरांनी हे बरोबर केलं तेव्हा मी तोंडात धरलेले चिमटे खाली पाडून टाळ्या वाजवल्या. खाली कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं, हे बरं.

आणि या उन्हाळ्यापासून सरांनी सकाळची लहानांची तुकडी काढली. “पोरी पण पाठवा,” म्हणाले. माझी शिवांजली जाते. पाच वर्षांची आहे. मोजे पायात राहत नाहीत म्हणून मी वरून केसांची रबरं लावून देते. परवा घरी येऊन म्हणाली, “मम्मी, सर म्हणले, चेंडूकडं बघू नको, मोकळी जागा कुठं हाय ते बघ.” मी पोळी लाटता लाटता थांबले. या घरात येऊन मला सात वर्षं झाली, मोकळी जागा बघ असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

सर गेले तर ही तुकडी त्याच दिवशी मोडणार. बजरंग काका परत जीप आणणार. जीपमधून कधी कुणाच्या पोरी येत नाहीत.

म्हणून मी लिहिलं. कृष्णराज झोपलेला असताना, एका हातानं, रणधीरच्याच मोबाईलवर. थोडं लिहिलं की तो रडायचा. थोडं लिहिलं की कुकर व्हायचा. दोन दिवसांनी झालं तेव्हा रणधीरना दाखवलं. त्यांनी दारातल्या उजेडात उभं राहून वाचलं.

“लई भारी लिवलंयस गं. पण आबा बजरंग काकाच्या बाजूला हायेत.”

“अहो, म्हणून तर. तुमच्या नावानं टाका.”

“माझ्या? मी सामना धड बघत पण न्हाय. मी भजी खायला जातो.”

“मग माझ्या नावानं टाकता?”

ते हसले, आणि टाकलं. त्यांच्या नावानं. ग्रुपवर मी नाहीच, तिथं कुठलीच बाई नाही.

मी लिहिलं होतं : ‘शिल्ड आपल्या गावात यायची, पण खेळ येत नव्हता. तो संध्याकाळी जीपमध्ये बसून परत जायचा. सरांनी शिल्ड घालवली असेल, पण आज आपल्या गावची अकरा पोरं आपापली जागा धरून एकमेकांना चेंडू देतात. हे तीन वर्षांपूर्वी होतं का? गोल किती खाल्ले ते मोजा, पण पहिल्या वर्षीचे आणि औंदाचे शेजारी ठेवून मोजा.’

मंडळातल्या महालिंगप्पा काकांनी लगेच लिहिलं, “रणधीर, तुला झपाटलं का काय?” बजरंग काकांनी लिहिलं, “रविवारी समोर बोल.”

रविवारी सासूबाई घरी नव्हत्या, सोनारीला भैरवनाथाला गेल्या होत्या. मी एकटी आत, कृष्णराज झोळीत, पातेलंभर चहा शेगडीवर. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पडदा. पुरुषमंडळी बसलेली असताना आमच्या घरात सुना पडद्याच्या पुढं जात नाहीत. आबा माझ्यावर कधी ओरडलेले नाहीत, लेकीसारखं बघतात, पण माझं त्यांच्याशी समोरासमोर बोलणं नाही. मी म्हणते, “शिवू, आबांना विचार, वाढू का?” आणि आबा चार हातांवरून म्हणतात, “शिवू, मम्मीला सांग, वाढ.” रोजचं आहे, आम्हाला कुणालाच वेगळं वाटत नाही.

पडद्याच्या फटीतून दिसत होतं. आबा लोडाला टेकून. महालिंगप्पा काका बशीत चहा ओतून फुंकर घालत. बजरंग काका ताठ. आणि दाराजवळ बसवेश सर, मांडीवर हेल्मेट, दोन्ही हात त्यावर. त्यांना बोलावलं होतं ते फक्त ऐकायला.

“हं, वकीलसाहेब,” बजरंग काका रणधीरला म्हणाले, “ते चेंडू मागं द्यायचं लिवलं होतंस. समजावून सांग की आमाला. आमी अडाणी.”

रणधीर चुळबुळले. “म्हणजे... मागं दिला की... पुढं जातो.”

“मागं दिला की पुढं जातो! मग तुळजापूरला जायला उमरग्याची एस्टी धरा!”

हशा झाला. महालिंगप्पांच्या बशीतला चहा सांडला. माझे कान तापले. शिवू ओट्यापाशी शेंगदाण्याचा लाडू खात बसली होती. मी तिला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, “पप्पांच्या कानात जाऊन सांग : समोरचे चेंडूमागं पळून येतात आणि त्यांची मागची बाजू मोकळी पडते.”

ती गेली. रणधीरच्या कानाला लाडू लावून सांगून आली. रणधीर खाकरले आणि बोलले. अगदी बरोबर बोलले. सरांनी मान वर केली.

“बरं, बरं,” बजरंग काका म्हणाले. “पण आपली मोठी पोरं बाहेर काढून ही मिसरूड न फुटलेली घेतली, ते कशापायी?”

शिवू परत आली, परत गेली. “मोठी पोरं दिवाळीनंतर पुण्याला कामाला जाणारच होती,” रणधीर म्हणाले. “लहानगी अजून सात-आठ वर्षं गावातच हायेत.”

“हे मात्र खरं हाय,” महालिंगप्पा म्हणाले. “माझाच थोरला गेला की.”

मला पडद्याआड हसू आवरेना. कपाळावर घाम, हातात चहाची गाळणी, आणि मी जिंकत होते.

मग आबा बोलले. आबा बोलायला लागले की बाकीचे थांबतात. “रणधीर, तुझं समदं पटलं. पण इज्जतीचं काय? तीन वर्षं झाली. पाव्हणे येतात, त्या कपाटाकडं बघतात. तीन वर्षांत एक शिल्ड न्हाय, मी काय सांगू लोकांना?”

मी शिवूला उत्तर दिलं. ते माझ्याकडं किती दिवसांपासून तयार होतं. ती निघाली, पण मध्येच आबांनी तिचा हात धरून मांडीवर घेतलं. “काय गं सारखं कानाकानात? आबाला सांग की.”

आणि शिवूनं खणखणीत आवाजात सांगितलं, “मम्मी म्हणती, खरड छाटणीला कुणी घड मोजतं का?”

शेगडीवर चहा उतू गेल्याचा चर्र आवाज मला ऐकू आला, पण मी हलले नाही.

आबांची चार एकर द्राक्षबाग आहे. दर एप्रिलला ते वेली खरडून काढतात, पार उघड्या ओलांड्यांपर्यंत, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्यांपर्यंत. त्या छाटणीला फळ धरत नाही. नुसत्या नव्या काड्या वाढवायच्या, त्यांवर घड लागतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. पहिल्यांदा आबांनी बाग लावली तेव्हा रस्त्यानं जाणारे म्हणायचे, कोंडीरामनं बागेचं वाटोळं केलं. आबा अजून ती गोष्ट सांगतात, आणि सांगून झाली की हसतात.

आता ते हसले नाहीत. पडद्याकडं बघत राहिले. रणधीरनी कपात डोकं घातलं. बजरंग काका हळूच म्हणाले, “म्हणजे हे सगळं सूनबाईचं व्हय?”

“कुणाचं का असंना,” महालिंगप्पा म्हणाले. “बरोबर हाय का न्हाय ते बोल.”

आबांनी मान हलवली. “बरोबर हाय. सर, तुमी ऱ्हावा. आजून दोन जत्रा कुणी काय बोलायचं न्हाय.”

सर उठून उभे राहिले. मी पडदा मुठीत धरला होता, तो डोळ्यांना लावला.

“आबा, मग आमाला काय किंमतच न्हाय का?” बजरंग काकांचा आवाज चढला. “गावात काय बोलायलेत ते तरी ऐका. पोरी चड्ड्या घालून मैदानात पळायल्यात. पोरं ठीक हायेत, पण हे कुठलं?”

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. काका त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं आबांच्या जिवावर आलं, ते मला पडद्याआडूनही कळलं.

“छाटणीचं म्हणलीच हाय सूनबाई,” आबा शांतपणे म्हणाले, “तर नीट करू. खरड छाटणीनंतर फूट येती, ती समदी ठिवतेत का? जादाची काढावी लागती. न्हायतर कुठलीच काडी पोसत न्हाय. पोरींचं बंद करा, सर. पोरांकडं ध्यान द्या.”

“आबा, त्या पोरी लई चांगल्या...”

“सर. तुमी ऱ्हायलात न्हवं?”

सरांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. रणधीर कपातच होते.

उत्तर माझ्याकडं होतं. कुठली काडी घड धरणार आणि कुठली नाही, हे कोंब बोटाएवढा असताना तुम्हालाही कळत नाही आबा, तुम्हीच म्हणता. तोंडात आलं होतं. पण निरोप न्यायला शिवू माझ्याजवळ नव्हती. ती आबांच्या मांडीवर बसली होती आणि आबा तिच्या गालावरचा लाडवाचा चुरा पुसत होते, फार मायेनं. पडद्यापुढं एकच पाऊल होतं. मी पाऊल उचललं नाही. मागं कृष्णराज रडायला लागला आणि मी त्याच्याकडं गेले, जणू त्यासाठीच वळले होते.

मंडळी उठली. महालिंगप्पा जाता जाता पडद्याला म्हणाले, “सूनबाई, चहा झकास! आन् वकिली पण!” सरांनी दारातून आत बघून हात जोडले. मला दिसले, त्यांना मी दिसले नसेन.

रणधीर आत आले, खुशीत. “जिंकलीस की गं. आबांना गप केलंस.”

मी कृष्णराजला पदराखाली घेतलं होतं. “पोरींचं बंद केलं त्यांनी.”

“आगं, ते होईल हळूहळू. सर तर ऱ्हायले न्हवं? एकदम समदं कसं मिळंल?” ते म्हणाले, आणि बागेकडं निघून गेले. ते वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की मी जिंकले.

शिवू दोरीवरचे तिचे मोजे घेऊन आली. उद्या सकाळसाठी. तिनं ते माझ्या मांडीशेजारी ठेवले, एकावर एक, आणि वर दोन्ही रबरं. मग कृष्णराजचा पाय हातात घेऊन त्याची बोटं चाळवत बसली. आबांच्या मांडीवर बसून तिनं सगळं ऐकलं होतं.

“मम्मी, सर ऱ्हाणारेत ना?”

“हो गं बाळा.”

“मग मी का न्हाय?”