पिठावरचं पाऊल

टोपली सगळ्यांदेखत उचलायची असते, एकट्यानं नाही. आबाजीला हे ठाऊक होतं. तरी उजाडायला लागल्यावर तो मधल्या खोलीत गेला आणि त्यानं ती उचलली.

त्याच्या बायकोनं, इंदूबाईनं जिथं डोळे मिटले तिथंच तिची मोठी बहीण अंबाबाई हिनं आदल्या संध्याकाळी फरशी पुसून तांदळाचं पीठ चाळून पसरलं होतं. बाजूला दिवा, वर बांबूची टोपली. गेलेलं माणूस ज्या जन्माला गेलं असेल त्याचं पाऊल सकाळी पिठावर उमटतं, असं त्यांच्यात मानतात. पाखराचं, गुराचं, नाहीतर माणसाचं. अंबाबाईला कसलं पाऊल हवं होतं ते सगळ्या घराला माहीत होतं. आबाजीची सून हर्षला, तिचे दिवस भरत आले होते. अंबाबाई येताजाता तिच्या पोटाकडे बघायची आणि म्हणायची, माझी इंदू लांब जायची नाय.

आबाजीला कुठलंच पाऊल नको होतं.

इंदूबाई शेवटची काही वर्षं कर्जतला प्रार्थनेला जायची. तिनं बाप्तिस्माही घेतला. गावात थोडं बोलणं झालं, मग लोकांना सवय झाली. आबाजी तिला मोटारसायकलवरून सोडायचा आणि बाहेर टपरीवर चहा पीत बसायचा. आत कधी गेला नाही. दुखणं वाढलं तेव्हा ती एकदा त्याला म्हणाली होती, "बैलाला मरणाचं काय वाटत नाय. माणसालाच ते पटत नाय, कितीबी जगला तरी. कारण देवानं आपल्याला कायमचं म्हणून केलंय. मी आता कुणाच्या पोटी जायची नाय. येशूपाशी राहीन, इंदू म्हणूनच राहीन. तुमी या मागून." जाळा की पुरा, याचा तिनं हट्ट धरला नाही. देवाला मला शोधायला अवघड नाय, म्हणाली.

तेवढ्यावर आबाजी इतके दिवस तग धरून होता. पाऊल उमटलं असतं तर सगळंच गेलं असतं. इंदू दुसऱ्या कुणाची लेक होऊन वाढली, तिचा संसार झाला, तर वर जाऊन त्यानं भेटायचं कुणाला? म्हणून तो आला होता. जे काही उमटलं असेल ते पुसून टाकायचं आणि टोपली परत ठेवायची.

पीठ कोरं होतं.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाखरू नाही, माणूस नाही, मग इंदू तरी कुठं होती? तो गुडघे टेकून त्या पांढऱ्या पिठाकडे बघत राहिला. मागच्या दारी बादली वाजली तसा तो दचकला. दुखऱ्या गुडघ्यामुळे हात टेकून उठला, दाराकडे बघत बघत टोपली ठेवली आणि बाहेर पडला.

थोड्या वेळानं सगळे जमले. मुलगा प्रवीण, रसायनीला कंपनीत होता, त्यानं रजा घेतली होती. हर्षला चौकटीला टेकून उभी राहिली. शेजारचा म्हातारा चांगो आबाजीला म्हणाला, "मांजरीचं निघालं तर दुधाचा रतीब वाढव रं." कुणी हसलं नाही.

अंबाबाईनं टोपली उचलली आणि ती खालीच बसली.

पिठात तान्ह्या बाळाचा तळवा होता. टाच गोल, मधे बाक. बोटं नव्हती. कोवळ्या पायाची बोटं कुठं उमटतात, अंबाबाई म्हणाली. तिनं हर्षलाला जवळ ओढलं आणि तिच्या पोटावर कपाळ टेकलं. चितेपाशी न रडलेला प्रवीण आता रडला. मग डोळे पुसून त्यानं मोबाइल काढला. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा होता.

आबाजीनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. करंगळीच्या बाजूला रेषांमधे पीठ होतं.

जन्माष्टमीला बायका मुठीनं अशीच पावलं काढतात. खोलीतल्या प्रत्येकानं ती बघितली होती, पण आज कुणाला आठवायचं नव्हतं. तो गप्प राहिला तर घर सुखात राहणार होतं. पोर इंदू म्हणून वाढणार होतं, आणि त्याला रोज तिला त्याच नावानं हाक मारावी लागणार होती. प्रवीणचं बोट मोबाइलवर फिरत होतं.

"प्रवीण, पाठवू नको."

तो खाली बसला आणि त्या पावलाशेजारी त्यानं मूठ टेकली. उचलली. दुसरं पाऊल तसंच उमटलं.

"मगाशी मी आलो होतो. कोरं होतं. उठताना हात टेकला."

हर्षलानं पदर तोंडाला लावला. प्रवीण बापाकडे बघेना. चांगो हळूच चपला शोधायला लागला.

"टोपली कशाला उचललीस?" अंबाबाईनं विचारलं.

"पुसायला."

"काय पुसायला?"

"असतं ते."

ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. पण ती त्या दोन पावलांकडे बघत बारीक आवाजात म्हणाली, "तुला काय रं, तुला ती वरती मिळंल. माझी धाकटी बहीण ती, मी कडेवर वागवलेली. मला कुठं मिळायची?"

इतके दिवस त्यानं फक्त आपल्यापुरता विचार केला होता. इंदू आपल्याला हवी तशी दुसऱ्या कुणाला हवी असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"मला तरी मिळंल का, कोण जाणे," तो म्हणाला. "मी टपरीवर बसायचो. आत काय सांगतात ते तिनं सांगितलं तेवढंच ठाव."

"मग जाऊन इचार ना. तोंड नाय तुला?"

"रविवारी जातो."

अंबाबाई भिंतीला धरून उठली. लुगड्याचं पीठ झटकलं.

"एकटा जाऊ नको. तू आपल्यापुरतंच इचारून येशील," ती म्हणाली. "आणि गाडीवर मी बसायची नाय. रिक्षा सांग."