चिमूटभर मिठाची ज्योत

मित्रांनो, दिवा म्हटलं की तुम्हाला समई आठवते, नाहीतर दिवाळीतली पणती. मी त्या थाटातला नाही. मी एक जुना स्पिरिटचा दिवा आहे. गोल काचेचं पोट, त्यातून डोकावणारी सुती वात आणि डोक्यावर टोपण, एवढाच माझा संसार. माझी ज्योत निळी, तीही इतकी फिकट की भर उन्हात कुणाला दिसतच नाही. या गोष्टीचं मला फार वाईट वाटायचं. आपण जीव तोडून जळावं आणि समोरच्याने विचारावं, "हा लागला काय बे?"

आम्ही बारा भाऊ गवतात गुंडाळून एका खोक्यातून चांदूर रेल्वेच्या शाळेत आलो. सुरुवातीची वर्षं मोठ्या ऐटीत गेली. माझ्यावर परीक्षानळ्या तापल्या, मोरचूद पांढरं पडलं, मेणबत्तीचं मेण वितळलं. मुलं माझ्याभोवती इतकी गर्दी करायची की मागच्यांना पुढच्यांच्या खांद्यावरून पाहावं लागे. मला विझवायचीही एक रीत आहे. फुंकर मारायची नाही, वरून टोपण ठेवायचं. ही रीत मोडणाऱ्याला सबंध तास उभं राहावं लागे.

पुढे भिंतीवर स्मार्ट बोर्ड आला. त्याच सुमारास एका मुलाचं बोट माझ्या भावाने जरासं पोळलं. झालं! "काच आहे, आग आहे, कशाला जोखीम?" असं म्हणून आम्हाला कपाटात घालून कुलूप लावलं. फुटता फुटता तोवर आम्ही चारच उरलो होतो. कपाटाला काचेची दारं होती, त्यामुळे समोरचा बोर्ड मला दिसायचा. त्यावर माझंच चित्र येई. चित्रातली ज्योत चांगली जाड आणि नारिंगी असे. मला तिचा मनापासून राग यायचा.

मग नववीच्या वर्गात प्रणाली आली. तिची नजर जन्मापासून अगदी अधू. पहिल्या बाकावर बसूनही बोर्ड तिला नुसता पांढरा दिसायचा. ललिता मॅडम विज्ञान शिकवत. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं, मला बाहेर काढलं, धूळ पुसली, नवी वात घातली आणि पोटात स्पिरिट ओतलं. किती दिवसांनी पोट भरलं म्हणून सांगू! मॅडमनी खिडक्या लावून मला पेटवलं. प्रणाली वाकून पाहत होती.

"काहीच नाई दिसून राहिलं, मॅडम."

मॅडमनी तिचा हात धरून त्याची मागची बाजू माझ्यावर वीतभर उंच धरली. ऊब लागली तशी ती हसली. मग मॅडमनी ओल्या तारेच्या टोकावर चिमूटभर मीठ घेतलं आणि ते माझ्या ज्योतीत धरलं. मी एकदम पिवळाधमक झालो.

"दिसलं!" ती ओरडली. "मॅडम, मले दिसलं! पिवळं पिवळं!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यासाठी असं कुणी ओरडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी शुक्रवारची वाट पाहू लागलो. ती मला स्वतः पेटवायला शिकली आणि चाचपून अचूक टोपण ठेवायलाही शिकली. पुढे रसायनशास्त्रच शिकायचं, असं तिने मॅडमना सांगून टाकलं.

दहावीचं वर्ष आलं. परीक्षेचे अर्ज भरून झाले आणि परीक्षा मंडळाकडून प्री-लिस्ट आली. नाव, जन्मतारीख, विषय, सगळं त्या यादीत छापलेलं असतं. मुलांनी तपासून समोर सही करायची, मग काही बदलत नाही. आमची टेबलं लांबलचक म्हणून यादी प्रयोगशाळेतच पसरली होती. दुरुस्तीचा तो शेवटचा दिवस. बाकीची मुलं आपापलं वाचत होती. प्रणालीसाठी कार्यालयातले शेषराव वाचत होते.

"नाव बरोबर. आईचं नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. मार सही."

"आन् विषय, काका?"

"तेही बरोबर हाय. मार न व सही."

तिने पेन खाली ठेवलं. दप्तरातून भिंग काढलं आणि नाक कागदाला टेकेपर्यंत वाकून एकेक अक्षर वाचलं. विज्ञान तिथे नव्हतंच. त्याच्या जागी दुसराच विषय होता.

"काका, हा विषय माया नाई. काहून बदलला?"

शेषराव वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "तुयाच भल्यासाठी केलं, पोरी. तुयासारख्या लेकरायले सवलत हाय. हलका विषय हाय, आरामात पास होशीन. तुया बाबालेही इचारलं होतं."

"मले सोडून साऱ्यायले इचारलं," प्रणाली म्हणाली. विज्ञान गेलं की पुढचं रसायनशास्त्रही गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ललिता मॅडमनी फोन करून तिच्या वडिलांना बोलावलं. किसनराव जिनिंगवर काम करायचे. ते तसेच, केसांत कापूस अडकलेला, धावत आले. "मॅडम, हिची नजर अशी," ते म्हणाले. "आगीशी, काचेशी हिले जमन काय? भाजून घेतलं तं मी काय करू?"

प्रणाली त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. "मॅडम, दिवा काढा," एवढंच म्हणाली.

तिने मला खिडकीपाशी ठेवलं. दुपारचं लख्ख ऊन माझ्यावर पडलं होतं. तिने काडी ओढली, वातीला लावली, झटकून विझवली आणि उलटा हात वर धरून ऊब पाहिली.

"बाबा, दिवा पेटला काय?"

किसनरावांनी वाकून पाहिलं. "कुठी? इझला न तो." आणि त्यांनी माझ्या वातीकडे बोट नेलं.

प्रणालीने झटकन त्यांचं मनगट धरलं. "हात नोका लावू. पेटला हाय."

तिने त्यांचा हात उलटा करून माझ्यावर उंच धरला. चटका बसताच त्यांनी तो मागे ओढला. मग तिने ओल्या तारेवर मीठ घेतलं, ज्योतीत धरलं आणि त्या उन्हातही मी पिवळा झालो. आयुष्यात इतक्या ताकदीने मी कधी जळलो नसेन.

किसनरावांनी पोळलेला हात चोळला. "मले चांगल्या डोयानं दिसला नाई, आन् तुले समजलं," ते म्हणाले. मग शेषरावांकडे वळले. "शेषरावजी, तिचा विषय तिले देऊन टाका."

शेषरावांनी लाल पेनाने खाडाखोड केली, विज्ञान लिहिलं आणि या वेळी सगळी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मगच प्रणालीने सही केली.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. आता अमरावतीला राजापेठेत मावशीकडे राहते आणि अकरावी सायन्सला जाते. जाण्याआधी ती एकदा भेटायला आली होती. मला दोन्ही हातांत धरून तिने टोपण घट्ट बसवलं. ललिता मॅडमचीही पुढे बदली झाली. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं. शुक्रवार अजून येतो. शाळा सुटते, पावलं प्रयोगशाळेवरून पुढे निघून जातात आणि मला तिची फार आठवण येते.

मित्रांनो, एखाद्याला जपायचं असेल तर त्याला विचारून जपा. कुलपात मी फुटलो नाही हे खरं, पण पेटलोही नाही. तिने टोपण घट्ट लावलं म्हणून माझ्या तळाशी अजून बोटभर स्पिरिट टिकून आहे. किल्ली शेषरावांच्या टेबलाच्या खणात असते, मागितली तर ते आता नाही म्हणणार नाहीत. मोठ्या कुणाला तरी सोबत घ्या आणि या. मीठ मात्र घरून आणा.