मधले पाणी

आमच्या बेटावर जे काही येते ते बोटीने येते. पाव, टपाल, कुणाच्या गुडघ्याचा पट्टा, कुणाच्या लेकीचा लग्नाचा झगा. त्यामुळे एक रीत पडून गेली आहे. सामान चढवताना आत काय आहे ते बोटवाल्याला सांगायचे. काच असली तर तो ती आपल्या केबिनमध्ये ठेवतो, रोप असले तर वाऱ्याच्या आडोशाला. न सांगता पिशवी टाकून जाणारा माणूस पाहुणा, हे लांबून ओळखू येते.

विनी बाईंनी बेटावरच्या एका खोलीच्या शाळेत पिढ्या शिकवल्या. आता बोट चालवणारा ऑरिन त्यांचाच विद्यार्थी.

बाईंच्या नवऱ्याला, आल्डनला, हाडांचा कॅन्सर झाला. जन्मभर समुद्रात शेवंडी धरणारा माणूस, खिडकीतल्या खुर्चीला खिळला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणे थांबायचे, पण त्याबरोबर आल्डनही थांबायचा. बाईंना तो "आई" म्हणून हाक मारू लागला होता. मग गांजाच्या तेलाचे थेंब सुरू झाले आणि चार घास पोटात जाऊ लागले. चेष्टासुद्धा परत आली.

"विने, उभ्या जन्मात सिगरेट ओढली नाही मी. आणि आता मसणात जाताना गांजेकस!"

"गप जेव."

"जेवतो. पण एक ऐक. मला इथंच, या खिडकीत जाऊ दे. आणि शुद्धीत. तुला नावानं हाक मारत."

बाईंनी मान हलवली.

आमच्या राज्यात आजाऱ्यांना हे तेल घेता येते. देशाच्या कायद्याला मात्र ते मान्य नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर राज्य आमचे, बेटावरही आमचेच, पण मधल्या पाण्यात देशाचा कायदा चालतो. म्हणून बेटावरचे गांजाचे एकुलते एक दुकान इथेच वाढवलेल्या रोपांचे तेल विकत असे. त्या शरद ऋतूत रोपांना बुरशी लागली. दुकानाला कुलूप लागले आणि आल्डनची बाटली तळाला गेली.

बाई सकाळच्या बोटीने किनाऱ्यावर गेल्या. तिथल्या दुकानात हवे तेवढे तेल होते. आल्डनच्या आजारपणाचे कार्ड दाखवले, बाटली मिळाली. दुपारी परतताना धक्क्यावर ऑरिनने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि नेहमीसारखे विचारले, "बाई, काय आहे? काच?"

"काच आहे रे. आल्डनचं तेल. उन्हात ठेवू नकोस."

ऑरिनचा हात तिथेच थांबला. रांगेत मागे तटरक्षक दलाचा एक जवान उभा होता. त्याने ऐकले की नाही, कोण जाणे. तो आपल्या कॉफीच्या कपात बघत होता.

ऑरिन बाईंना बाजूला घेऊन गेला. "कशाला सांगितलंत हो, बाई?"

"तू विचारलंस."

"सवयीनं विचारलं!"

"मग मीही सवयीनंच सांगितलं."

"तुमच्या पिशवीत मी कधी डोकावलो असतो का? पण आता मला ठाऊक झालं. माझा बोटीचा परवाना देशाचा. तो गेला तर बोट गेली, आणि बेटाला दुसरी बोट नाही." त्याचे डोळे भरून आले होते. "पुढच्या खेपेला आणा. काही बोलू नका. मी विचारणारच नाही."

"न विचारता तुला कळेलच की. आणि कुणी विचारलं तर तुला माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल." बाईंनी पिशवी परत घेतली. "ते मी तुला शिकवलेलं नाही."

पिशवी त्यांनी किनाऱ्यावरच्या मैत्रिणीकडे ठेवली आणि रिकाम्या हातांनी घरी आल्या.

आल्डनने सगळे ऐकून घेतले आणि खोकला येईपर्यंत हसला. "पोरांना खरं बोलायला शिकवलंस ना? भोग आता!" मग त्याने खिडकीबाहेर शेवंडीच्या आपल्या जुन्या सापळ्यांच्या ढिगाकडे पाहिले. "तेल इकडं येत नाही तर मीच जातो तेलाकडं. माणूस न्यायला बंदी नाही ना?"

ऑरिनने त्याला उचलून बोटीत नेले. मैत्रिणीच्या वरच्या खोलीत खाट घातली. हवा स्वच्छ असली की तिथून आमचे बेट रेघेसारखे दिसे.

"पाठीकडून दिसतंय," आल्डन कुरकुरायचा. "आपलं घर पलीकडच्या अंगाला राहिलं." पण तो तिसऱ्या-शिंपल्यांचे दुधातले सार वाटीभर प्यायचा, बाईंना नावाने हाक मारायचा आणि पाव नीट भाजला नाही म्हणून भांडायचा.

नाताळच्या आधी तो गेला. शुद्धीत होता. खिडकी मात्र परकी होती.

शवपेटी बोटीवर चढली. मागून बाई आल्या, हातात तीच पिशवी. ऑरिनने हात पुढे केला. "बाई, काय..." आणि त्याने ओठ मिटून घेतले.

बाईंनी पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. उरलेली अर्धी बाटली त्या वरच्या खोलीतच ठेवून आल्या होत्या.

"त्याची टोपी," त्या म्हणाल्या. "आणि चष्मा. काच आहे, सांभाळून ठेव."